आईच्या मूत्रपिंडात शिंगाच्या आकाराचा खडा: दुखत नाही, तरी ऑपरेशन?

सुरंगी
नमस्कार मंडळी. आई (वय ६१) वेंगुर्ल्याजवळ गावी असते, मी पुण्यात. गेलं वर्षभर तिला अधूनमधून उन्हाळी लागते, अंगात कसकस असते, उजव्या कुशीत जड वाटतं. गावातले डॉक्टर गोळ्या देतात, आठवड्यात बरं वाटतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पोट धरून लोळावं अशी कळ मात्र एकदाही आलेली नाही. शेवटी कुडाळला सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन. रिपोर्टमधलं कामाचं तेवढं टंकते.

उजवं मूत्रपिंड: पूर्ण स्टॅगहॉर्न कॅल्क्युलस, पेल्व्हिस भरलेलं, तिन्ही कॅलिक्सगटांत फांद्या, सर्वांत लांब माप ४.६ सेंमी, घनता साधारण ७८० एचयू (सीटीत घनता मोजायचं एकक), किंचित सूज. डावं ठीक. लघवीचा पीएच ८, पू पेशी भरपूर, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) प्रोटियस मिराबिलिस. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१.

एक डॉक्टर म्हणतात पाठीतून दुर्बीण घालून काढावा लागेल, कदाचित दोनदा. दुसरे म्हणाले, दुखत नाही तर या वयात कशाला छेडता. शेजारच्या काकींनी कुळथाचा काढा सुरू केलाय. भाऊ म्हणतो बाहेरून मशीनने फोडून मिळतो, मुंबईला आण. फिल्मवर तो खडा बघितल्यापासून माझी झोप उडाली आहे. खरंच सांबराच्या शिंगासारखा दिसतो.

पिठीभात
ताई, घाबरू नका. कुळथाचं कढण सकाळी अनशापोटी, दुपारी पानफुटीची दोन पानं. माझा ४ मिमीचा खडा असाच पडला. डॉक्टर लोक कापायलाच बसलेत.

ओहोटी
वाचतेय. माझ्या सासूबाईंचंही असंच काहीसं चाललंय.

घाटवाट
मी कोल्हापुरात युरॉलॉजीत आहे. निम्मे पेशंट घाट चढून येतात, त्यामुळे हा रिपोर्ट ओळखीचा वाटला. पेशंटला न तपासता लिहितोय हे धरून वाचा.

आधी आकाराचं. मूत्रपिंडाच्या आत लघवी गोळा करणारी एक पोकळी असते. मधे पेल्व्हिस आणि तिला फुटलेल्या कॅलिक्स नावाच्या वाट्या. खडा वाढत वाढत ती पोकळी भरतो तेव्हा तो पोकळीचाच आकार घेतो. पेल्व्हिस आणि निदान दोन वाट्या भरल्या की आम्ही त्याला स्टॅगहॉर्न म्हणतो. म्हणजे आकार भीतीदायक असला तरी तो खड्याचा स्वभाव नव्हे, जागेचा साचा आहे. स्वभाव कळतो बाकीच्या कागदांवरून, आणि तुमच्याकडे ते कागद आहेत.

प्रोटियस हा जंतू युरिएज नावाचं विकर तयार करतो. त्याने लघवीतल्या युरियापासून अमोनिया होतो, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट एकत्र येऊन स्ट्रुवाइट साचतं. सोबत कार्बोनेट ॲपेटाइट असतं. तुमचा पीएच ८ तेच सांगतोय. ७८० एचयूसुद्धा या चित्रात बसते, पण नुसत्या एचयूवरून जात ठरवू नये, खड्यांच्या जातींचे आकडे एकमेकांत मिसळतात. हे खडे बायकांमध्ये जास्त, कारण त्यांना लघवीचे जंतुसंसर्ग जास्त होतात.

आता वर्षभर गोळ्यांनी बरं का वाटत होतं? जंतू खड्याच्या आत, थराथरांत असतात. औषध लघवीतले मारतं, खड्यातले शिल्लक राहतात. कोर्स संपला की तेच पुन्हा बाहेर. म्हणून अशा केसमध्ये खडा पूर्ण निघणं हाच जंतुसंसर्गावरचा उपाय.

कळ का नाही? कळ येते ती खडा नळीत अडकून लघवी तुंबली की. हा बसल्या जागी वाढलाय. दुखत नाही म्हणून ठेवा, हा सल्ला मला पटत नाही. स्टॅगहॉर्न तसाच ठेवला तर ते मूत्रपिंड वर्षागणिक निकामी होत जातं आणि कधीतरी जंतू रक्तात जाऊन जिवावर बेततं. क्रिएटिनिन १.१ बघून निर्धास्त होऊ नका. डावं चांगलं असलं की ते उजव्याचं काम झाकून नेतं. डीएमएसए किंवा डीटीपीए स्कॅन करून उजवं किती टक्के काम करतंय ते आधी बघा. अगदीच नगण्य असेल तर खडा काढण्याऐवजी ते मूत्रपिंडच काढायचा विचार होतो. बरं असेल तर पीसीएनएल.

सुरंगी
डॉक्टर, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. पीसीएनएल म्हणजे नेमकं काय करतात? आणि भावाचं मशीन?

घाटवाट
पाठीतून सुईने वाटीपर्यंत वाट करतात, ती सेंटीमीटरभर किंवा त्याहून कमी रुंद करतात, त्यातून दुर्बीण घालून खडा लेझरने, हवेच्या दाबाच्या ठोक्याने किंवा अल्ट्रासाउंडने फोडून तुकडे बाहेर काढतात. फांद्या जास्त असल्या की एका वाटेने सगळीकडे पोचता येत नाही. मग दुसरी वाट, किंवा काही दिवसांनी दुसरी बैठक. ‘कदाचित दोनदा’ म्हणणारे डॉक्टर प्रामाणिक आहेत, त्यांना धरून राहा.

धोके आहेतच: रक्तस्राव, ताप, वरच्या बाजूने सुई गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा. ऑपरेशनआधी कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक द्यायलाच हवं. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधीच सांगा, ऐन टेबलावर नको.

शॉकवेव्ह मशीन छान आहे, पण दीड-दोन सेंटीमीटरच्या आतल्या, फार कठीण नसलेल्या खड्याला. पूर्ण स्टॅगहॉर्न त्याने फोडला तर ढीगभर तुकडे मागे राहतात, नळीत रांग लावून बसतात, आणि जंतूंनी भरलेले तुकडे मागे राहिले की खडा पुन्हा वाढतो.

अवांतर: १९७६ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी पाठीतून वाट करून खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं आणि १९८० मध्ये म्युनिकला शॉकवेव्ह पहिल्यांदा माणसावर वापरली. त्याआधी कुशीवर वीतभर चीर. जुन्या लोकांच्या अंगावर ती खूण अजून दिसते.

पिठीभात यांना: ४ मिमीचे बहुतेक खडे नुसत्या पाण्यानेही पडतात. कढण जरूर प्या, त्यानिमित्ताने पाणी पोटात जातं. पण ४.६ सेंमीचं स्ट्रुवाइट कुळथाने विरघळत नाही.

पिठीभात
बरं. पण आमच्या आजोबांच्या काळी कुठे होती मशीनं?

काचपट्टी
आजोबांच्या काळी किती जण सुजून गेले ते कुणी मोजलं नाही, साहेब.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ, रत्नागिरी. सुरंगीताई, एक खात्री करून घ्या: पीएच ८ ताज्या लघवीचा आहे ना? आमच्याकडे गावावरून सकाळच्या एसटीने बाटली येते, दुपारी पोचते, तोवर उकाड्यात जंतू वाढून पीएच आपोआप वर गेलेला असतो. थंड झालेल्या नमुन्यात फॉस्फेटचे स्फटिक उगाच दिसतात. लॅबमध्येच नमुना देऊन लगेच तपासला तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली स्ट्रुवाइट शवपेटीच्या झाकणासारखं दिसतं, तिरप्या कडांचं. कॅल्शियम ऑक्झलेटचा एक प्रकार पाकिटासारखा, चौकोनात फुली. दुसरा मधे चेपलेला, व्यायामाच्या डंबेलसारखा. आणि षटकोनी, अगदी फरशीसारखे सपाट स्फटिक दिसले की आम्ही धावत जाऊन डॉक्टरांना सांगतो, कारण ते सिस्टिन.

खडा हातात आला की तो तपासायला पाठवा, हे सगळेच सांगतात. कसा पाठवायचा ते कुणी सांगत नाही. लोक कागदावर चिकटपट्टीने डकवून आणतात, चिकटपट्टीचा गोंद तपासणीत लुडबुडतो. काही जण बायोप्सीसारखा फॉर्मलिनमध्ये बुडवून आणतात, तेही नको. पाण्याने धुवा, टिपकागदावर कोरडा करा, स्वच्छ कोरड्या डबीत टाका. इन्फ्रारेड तपासणीला कणभर पुरतो. स्टॅगहॉर्न असेल तर गाभा आणि वरचा थर वेगळे दिलेले बरे. आत ऑक्झलेट आणि वर स्ट्रुवाइट असाही प्रकार निघतो, म्हणजे आधी साधा खडा होता, जंतू मागाहून आले.

घाटवाट
काचपट्टी यांना दंडवत. सुरंगीताई, यात एक भर: ऑपरेशनच्या वेळी खड्याचा तुकडा कल्चरलाही पाठवायला सांगा. लघवीत एक जंतू आणि खड्यात भलताच, असं होतं, आणि ऑपरेशननंतर ताप भडकला तर तो रिपोर्ट उपयोगी पडतो.

होडीवाला_मालवण
माझ्या बापाशीचो खडो मी डोळ्यान् बघलंय. सराट्याच्या फळासारखो, सगळ्या बाजूंनी काटे! (बाकी मराठीत लिहितो, नायतर संपादक ओरडतले.)

वडील ७४ वर्षांचे, जन्म समुद्रावर गेला. लघवी थेंब थेंब, मधेच धार तुटायची, शेवटाला रक्त. गावात एकाने गोखरूचा काढा दिला. आता गोखरू म्हणजे सराटाच की! एक्स-रेत लघवीच्या पिशवीत चांदणीसारखा खडा. डॉक्टर म्हणाले जॅकस्टोन. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने फोडला, एक काटा शाबूत राहिला तो मी डबीत ठेवलाय. पिवळट, टोकदार. हा कशाने होतो?

घाटवाट
काटेरी जॅकस्टोन जवळजवळ नेहमी कॅल्शियम ऑक्झलेट डायहायड्रेटचा असतो. गाभा घट्ट, बाहेर काटे. बहुतेक वेळा मूत्राशयातच सापडतो. दिसायला भयानक, फोडायला तितका नाही. पण महत्त्वाचं वेगळंच आहे. वयस्कर पुरुषाच्या पिशवीत खडा झाला तर नुसता खडा काढून भागत नाही, पिशवी रिकामी का होत नाही ते बघावं लागतं. बहुतेकदा प्रोस्टेट. त्याचा इलाज झाला का?

होडीवाला_मालवण
होय, त्याच वेळी प्रोस्टेटही खरवडला. आता धार बरी आहे, म्हातारा पुन्हा जाळी विणायला बसतो.

रातांबा
आकाराचा विषय निघालाच आहे तर आमच्या काकांचा सांगतो. खड्याच्या दोन्ही टोकांना गड्डे आणि मधे दांडी. तो मुळात खडा नव्हताच, विसरलेला डीजे स्टेंट होता, म्हणजे मूत्रपिंडापासून पिशवीपर्यंत लघवी वाहती राहावी म्हणून आत ठेवतात ती बारीक नळी.

काका उपनगरात राहायचे. नळीतला खडा काढला, आत स्टेंट ठेवला, मग गणपतीला गावी आले. रिटायर झाले होते, इथेच राहिले. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याबद्दल एक ओळ होती, तीही इंग्रजीत. रुग्णालयातून एक फोन आला नाही आणि घरात कुणाला आत काही ठेवलंय हेच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी लघवीत रक्त आलं. एक्स-रेत वरचं वेटोळं मूत्रपिंडात, खालचं पिशवीत, दोन्हीवर लिंबाएवढं किटण. खालून पिशवीतला फोडला, पाठीतून वरचा फोडला, मग कुठे ती नळी सुटली. एका ऑपरेशनची तीन झाली.

घाटवाट
हे फार होतं, आणि कोकणात जास्तच, कारण ऑपरेशन एका गावात आणि माणूस दुसऱ्या. स्टेंट साधारण काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत काढतात किंवा बदलतात. त्यावर क्षार धरतातच. धरलेला स्टेंट नुसता ओढायचा नाही, तुटतो किंवा नळी फाटते. आधी सीटी, मग टप्प्याटप्प्याने. सुरंगीताई, आईंनाही बहुधा स्टेंट ठेवतील. काढायची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा आणि तुमच्या मोबाइलमध्येही.

आंबोलीधुकं
माझ्या मुलाला चौदाव्या वर्षी स्टॅगहॉर्न झाला. जंतू वगैरे काही नाही, लघवी आम्लधर्मी. एक्स-रेत अगदी पुसट, दुधी काचेसारखा. वर काचपट्टी म्हणतात ते षटकोनी स्फटिक सापडले. सिस्टिनुरिया. आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आला की होतो, आम्हा दोघांना स्वतःला कधी काही झालं नाही. धाकट्या मुलीची लघवी तपासून घेतली, ती सुटली.

खडा मेणचट पिवळा होता, लेझर लावल्यावर गंधकाचा वास आला असं सर्जन म्हणाले. आता रोज लघवी तीन लिटरच्या वर व्हावी इतकं पाणी, रात्री उठवूनसुद्धा. पोटॅशियम सायट्रेट चालू, घरी पट्टीने पीएच बघतो. मीठ कमी. शाळेत बाईंना चिठ्ठी द्यावी लागली की याला वर्गातून बाहेर जाऊ द्या. लहान वयात किंवा घरात अनेकांना खडे असतील तर ही तपासणी मागून घ्या, कुणी आपणहून सुचवेलच असं नाही.

ओहोटी
बापरे. मुलाला शुभेच्छा. मला एक विचारायचं होतं, आमच्याकडे सगळे म्हणतात कातळाच्या विहिरीचं पाणी जड, म्हणून खडे होतात. आणि दूध बंद करा, टोमॅटोच्या बिया काढा...

घाटवाट
पाणी जड की हलकं यापेक्षा ते किती पिता हे मोठं. मे महिन्यात काजूच्या बागेत किंवा होडीवर घामाने अंगातलं पाणी जातं आणि लघवी चहासारखी गडद होते. किती तांबे प्यायलात ते मोजण्यापेक्षा दिवसभरात लघवी अडीच लिटर होते का बघा. दूध बंद करू नका, उलट जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते लघवीत कमी जातं. ऑक्झलेट खडेवाल्यांनी अळूचं फदफदं, पालक, मूठभर काजू हे रोज नको, आणि खाल तेव्हा सोबत ताक-दही असू दे. आपल्याकडे दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे मीठ. सुका बांगडा, सुकट, खारवलेली कैरी, पापड. मीठ वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. टोमॅटोच्या बियांना बिचाऱ्यांना सोडून द्या.

एक इशारा मात्र मोठ्याने. बिलिंबीचा, ज्याला कुणी बिमली म्हणतं, किंवा करमळाचा रस पेलाभर काढून ‘कोलेस्टेरॉलवर’ म्हणून पिऊ नका. आमटीत दोन फळं वेगळी. रसात ऑक्झलेट इतकं असतं की मूत्रपिंड अचानक बंद पडल्याच्या केसेस केरळात नोंदल्या गेल्या आहेत.

पिठीभात
कोकमाबद्दल काय म्हणता? शहाळं?

घाटवाट
कोकमाच्या सालीतल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचं भाऊबंद असलेलं हायड्रॉक्सिसायट्रेट प्रयोगशाळेत ऑक्झलेटचे स्फटिक वाढू देत नाही, असं संशोधन २०१६ मध्ये आलं. ते काचेच्या भांड्यातलं. साखरेच्या पाकातलं सरबत म्हणजे औषध नव्हे. बिनसाखरेचं आगळ-पाणी प्या, जेवणात मजा आणि पोटात पाणी. शहाळं चांगलं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियममुळे विचारून. आणि बिअरने खडा पडतो हे कृपया मित्रांना सांगणं थांबवा.

सुरंगी
अपडेट. स्कॅनमध्ये उजव्याचं काम ३४ टक्के निघालं, म्हणजे वाचवण्यासारखं. गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेऊ की कोल्हापूरला यात घोळ चालला होता. बांबोळी जवळ, पण आपली योजना तिथे चालेल असं गृहीत धरू नका, आधी विचारा असं सांगितलं गेलं. शेवटी घाट चढलो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने महात्मा फुले योजनेचे कागद लावून दिले, रेशन कार्ड आणि आधार तेवढे बरोबर ठेवा. पीसीएनएल झाली. दुसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, खड्याच्या कल्चरमध्ये प्रोटियससोबत क्लेबसिएला हा दुसरा जंतूही निघाला, औषध बदललं, उतरला. तपासणीत स्ट्रुवाइट आणि कार्बोनेट ॲपेटाइट. खालच्या वाटीत एक तुकडा राहिलाय, त्याचं काय करायचं ते स्टेंट काढताना लवचीक दुर्बिणीने बघणार आहेत.

आई घरी आहे, काढा बंद, कुळथाची पिठी चालू.

घाटवाट
उत्तम. तो तुकडा सोडू नका, स्ट्रुवाइटमध्ये छोटा तुकडा म्हणजे बी आहे. पुढचं वर्षभर लघवीचं कल्चर ठरलेल्या अंतराने, नुसतं ‘आता बरं वाटतंय’ नको. आणि या धाग्यावर सगळ्यांसाठीच: खडा माहीत आहे आणि थंडी वाजून ताप आला, कूस दुखतेय, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. तुंबलेली जंतूंची लघवी आधी वाहती करावी लागते, स्टेंटने किंवा पाठीतून नळी घालून. खडा नंतर. पावसात घाट कधीकधी बंद होतो, म्हणून ही सोय तुमच्या जवळ कुठे आहे ते आजच विचारून ठेवा. एकच मूत्रपिंड असलेल्यांनी तर नक्कीच.

कलमवाला
उशिरा येतोय. देवगड. माझा खडा सोनोग्राफीत १४ मिमी दिसतो, एक्स-रेत दिसतच नाही. मशीनवाला म्हणतो खडा नाहीच. वजन जास्त, साखर आहे, पीएच ५. कोण खरं?

घाटवाट
दोघंही. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत आणि सीटीत दिसतो. सीटीत एचयू बहुधा ५०० च्या आत येईल. तुमचं वजन, साखर आणि पीएच ५ तिकडेच बोट दाखवतात. ही एकच जात खरोखर औषधाने विरघळते: पोटॅशियम सायट्रेटने पीएच साडेसहाच्या आसपास ठेवला तर महिन्यांत खडा लहान होतो. सातच्या वर नेऊ नका, मग फॉस्फेट बसतं. आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा, बीपीची कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना दाखवा. सीटी झाल्यावर आकडे इथे टाका.

संपादक
कलमवाला, युरिक ॲसिडसाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल. काचपट्टी यांचा नमुना पाठवण्याचा प्रतिसाद वर चिकटवला आहे.